फळीमागचं झाड

कॅरव्हॅनच्या, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घराच्या, प्लगची एक पिन मुद्दाम रुंद केलेली असते, कारण घरच्या सॉकेटला तेवढी वीज सोसत नाही. माझ्या नवऱ्याने, केल्विनने, ती कानशीने घासून अंगणातल्या शेडच्या साध्या सॉकेटात बसवली. इथे ऑस्ट्रेलियात, आमच्या सेडुनात, अर्ध्या गावाने हेच केलंय. जानेवारीच्या उकाड्यात नाती दुपारी कॅरव्हॅनमध्ये एसी लावून झोपायच्या आणि इकडे शेडमध्ये मासळीचा वास यायचा.

"तुझ्या बादलीचा असेल," मी म्हणाले.

"आठवडाभर गळ कुठे टाकलाय मी? नाक म्हातारं झालंय तुझं."

मी चिडले. मेन स्विच पाडला आणि सॉकेटची फळीच उचकटली. सॉकेट मागून वितळलं होतं, वास त्याचाच होता.

फळीच्या पाठीवर एक काळंभोर झाड जळून उमटलं होतं. सॉकेटपाशी खोड, वर फांद्या, अगदी केसाएवढ्या डहाळ्यासुद्धा. शेंडा वरच्या मांडणीवर ठेवलेल्या पेट्रोलच्या डब्याखाली वीतभर येऊन थांबला होता.

केल्विनने टोपी काढली. चर्चमध्येही तो ती काढत नाही.

"ही आग विझवली कुणी गं?"

"कुणीच नाही."

तेवढ्यात कॅरव्हॅनमधून धाकटीचा झोपाळू आवाज आला, "आजोबा, एसी का बंद केला?"