मार्चपर्यंत थांब

मारुती मंदिराजवळ माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. सुरुवातीला लोक आत यायचे, मला बघायचे आणि विचारायचे, "कुणी आहे का दुकानात?" मी म्हणायची, "मी काय खुर्ची आहे?" आता तसं विचारत नाहीत. आता रत्नागिरीत कुणाला मशीन बनवून घ्यायचं असलं की आधी माझ्याकडे येऊन कधी घ्यायचं ते विचारतात. काही जण मग घेतात दुसरीकडून, पण विचारतात मला. राजश्रीला भाव कळतो असं गावात नाव आहे. त्या नावाची मला जरा जास्तच चटक लागली होती, हे आधीच सांगून टाकते.

भावाचं बाळकडू आप्पांचं. आप्पा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं त्यांनी हापूसचा व्यापार केला. सीझनची पहिली पेटी वाशीला गेली की तिचा भाव पेपरात छापून यायचा आणि आप्पा हसायचे. ती पेटी हौशी माणसाची. शहाण्यानं अक्षय्य तृतीया उलटू द्यावी, मेमध्ये तोच आंबा अर्ध्या भावात दारात येतो. दुकान काढलं तेव्हा मी हेच गणित प्रोसेसरला लावलं. नवा आला की पहिले दोन महिने महाग, मग उतरणार. आणि नवा येतोय म्हटल्यावर जुना तर आधीपासूनच उतरायला लागणार. इतकी वर्षं बहुतेकदा बरोबर आलं, त्यामुळे मी चढूनच बसले होते.

यंदा जानेवारीत मृणाली आली. पूर्णगडची, पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी. पुण्याच्या एका फर्मचं काम घरी बसून करते. आर्किटेक्टनं कागदावर काढलेलं घर ती कॉम्प्युटरवर असं उभं करते की खिडकीतून आत आलेलं ऊनसुद्धा फरशीवर दिसतं. तिच्या जुन्या मशीनला असं एक चित्र पुरं करायला नऊ तास लागायचे. फर्मनं कळवलं होतं, एक एप्रिलपासून मोठी कामं येणार, ज्याचं मशीन ताकदीचं नसेल त्यानं पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं.

"मला पुण्याला नाही जाता येणार, राजश्रीताई," ती म्हणाली. "बाबा बोटीवर असतात, नऊ-नऊ महिने. आईला दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेलाय तिचा. चालते, बोलते, सगळं करते, पण घरात मी लागते."

माझ्याकडे तेव्हा चालू पिढीतला एकच प्रोसेसर शिल्लक होता, तिच्या कामाला पुरून उरेल असा. सगळं जोडून मशीन ब्याऐंशी हजारांत बसत होतं. तिनं पंच्याऐंशी साठवले होते. तिनं मोबाइल काढला, आत्ताच पाठवते म्हणाली.

आणि मी म्हटलं, "थांब गो जरा. घाई कशाला?"

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नवे प्रोसेसर येणार होते. दोन्ही मोठ्या कंपन्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या. एकीनं भाव सांगितला की दुसरी त्याच्या खाली जाणार, असं इंटरनेटवर जो तो सांगत होता. आणि मी काय, त्या सगळ्यांच्या वरची शहाणी. मी तिला खुर्चीत बसवून पेटीचं गणित समजावलं. "हेच मशीन मार्चमध्ये साठ-बासष्टला पडेल. नाहीतर ह्याच पैशांत नवं घे, दुप्पट पळेल. मार्चपर्यंत थांब."

"नक्की ना, ताई? एक एप्रिलच्या आत हातात पाहिजे."

"मी सांगते ना."

तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि गेली. तीन दिवसांनी ओमकार आला. हा जयगडच्या बंदरावर नोकरीला आहे, त्याला गेम खेळायला मशीन हवं होतं. त्यालाही मी थांब म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, सुट्टी माझी आत्ता आहे, मार्चमध्ये घेऊन काय पूजा करू?" मी तो शिल्लक प्रोसेसर त्याच्या मशीनला लावून दिला. मनात म्हटलं, हा पहिल्या पेटीवाला.

फेब्रुवारीत रॅमचे, म्हणजे मशीनच्या मेमरीचे, भाव चढायला लागले. परदेशातल्या डेटा सेंटरवाल्यांनी माल उचललाय, असं म्हणत होते. मुंबईच्या होलसेलवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, सकाळी सांगितलेला भाव दुपारी धरू नका. त्याच आठवड्यात मृणालीचा मेसेज आला, "ताई, घेऊन टाकू का आता?" तेव्हा मशीन अठ्ठ्याण्णवला जात होतं. वडिलांकडून थोडे मागवून तिनं घेतलंही असतं. मी लिहिलं, "कळ काढ. नवे आले की सगळं खाली येईल." खरं सांगायचं तर हे मी घाबरून लिहिलं. आपण चुकलो असं म्हणायला जीभ रेटत नव्हती.

मार्चमध्ये नवे प्रोसेसर जाहीर झाले. जाहीर झालेला भाव झकास होता, फक्त त्या भावात माल कुणाकडेच नव्हता. होलसेलवाला म्हणाला, "बुकिंग घेतो, दीड महिना लागेल, किंमत माल येईल त्या दिवशीची." मी म्हटलं, मग जुना दे. तर म्हणतो, "जुना पडलाय गोडाऊनला, पण सध्या काढत नाही. भाव वर चाललाय, काढू कशाला?"

त्या दुपारी जेवताना मी त्या होलसेलवाल्याच्या नावानं बोटं मोडत होते. आप्पांनी आता ऐंशी ओलांडली, कॉम्प्युटर म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही. ते भात कालवत ऐकत होते.

"गोडाऊनात ठेवलं तर नासतं काय गो ते?" त्यांनी विचारलं.

"नासेल कशानं? चिप आहे ती, आप्पा."

"डाग नाय पडत? दोन महिन्यांनी वास नाय मारत?"

"नाही हो."

"मग तो स्वस्त कशाला करील?" आप्पांनी आमटी ओतून घेतली. "मेमध्ये आम्ही अर्ध्या भावात द्यायचो ते काय लोकांच्या प्रेमापोटी? पाऊस तोंडावर, माल पिकत चाललेला. आज नाय गेला तर उद्या खड्ड्यात टाकायचा. म्हणून द्यायचो."

एकोणीस वर्षं मी ते गणित लोकांना छातीठोकपणे सांगत होते आणि ते कशामुळे चालतं हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आजवर प्रोसेसरचे भाव उतरले ते दुसऱ्याच कशानं तरी उतरले असणार. मी मात्र श्रेय घेत बसले.

हात धुतले आणि ओमकारला फोन लावला. "ते मशीन मला परत दे, लाख रुपये देते." तो हसला. "मॅडम, लाखात मला दुसरं कोण देईल? तुम्ही द्याल?" त्याचं काही चुकलं नाही. मग मृणालीला फोन केला. म्हटलं, "आजच बुकिंग करते. तुला ब्याऐंशीलाच देईन, वरचे माझे."

"कधी येईल?"

"एप्रिलअखेर. मेपर्यंत धर."

ती म्हणाली, "फर्मला विचारून बघते." फर्मनं नाही सांगितलं. अडीच महिने दिले होते, त्यांनी तरी किती थांबायचं? तीस मार्चच्या गाडीनं मृणाली पुण्याला गेली. मला एक वाकडा शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. भांडण मला येतं, असं निमूटपणे सोडून दिलेलं मला सहन होत नाही.

मशीन आलं नऊ मेला. मी तिला कळवलं, तर म्हणाली, "आता नको, ताई. इथल्या टीममध्ये घेतलंय मला, वर्षभर तरी सोडणार नाहीत."

रविवारी मी पूर्णगडला गेले. तिच्या आईची, विमलाताईंची, माफी मागायची होती. माफी मागायची मला सवय नाही, सबंध रस्ताभर मी वाक्य जुळवत होते. त्यांनी हसत दार उघडलं, डाव्या हातानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. समोर भिंतीवर घरातल्या तिघांचा फोटो होता. फोटोतल्या विमलाताईंचा चांगला मोठा अंबाडा, त्यावर अबोलीचा वळेसर. आणि माझ्यासमोर बसल्या होत्या त्यांचे केस कानापर्यंत कापलेले, मागून वाकडेतिकडे.

मी बघत राहिले ते त्यांच्या लक्षात आलं.

"कामाला बसायच्या आधी मृणाली रोज अंबाडा घालून द्यायची," त्या म्हणाल्या. "एका हातानं नाय जमत. शेजारची कमळा चार दिवस आली, पण रोज तिला कुठं बोलवायचं? मग तिलाच म्हटलं, काप. कात्री घेऊन बसली, रडायलाच लागली वेडी."

मी म्हटलं, "विमलाताई, ते थांब म्हणून मीच सांगितलं होतं तिला."

"ठाऊक आहे मला. तुम्ही तिच्या भल्याचंच सांगितलंत." त्यांनी तांब्या माझ्याकडे सरकवला. "फक्त तिला हे केसांचं सांगू नका हां. व्हिडिओवर बोलताना मी डोक्यावर पदर घेऊन बसते. तिला वाटतं, आई आता देवाधर्माला लागली."