फ्रीझरच्या दारातला झेंडू

आज दसरा. उद्या मला मिरजेच्या दवाखान्यात परत कामावर जायचंय आणि सकाळपासून फ्रीझरची मोटर थांबायचं नाव घेईना. बाळासाठी काढून साठवलेलं माझं सगळं दूध त्या उभ्या फ्रीझरमध्ये आहे. वरच्या कप्प्यातली एक पिशवी दाबून बघितली तर कडेनं मऊ लागली.

मी बटण बघितलं, मागची जाळी झाडली. शेवटी दाराच्या वरच्या कोपऱ्यात धरलेला बर्फ दिसला आणि त्यात वरून लोंबणाऱ्या हारातलं झेंडूचं एक फूल.

"आत्या, ह्याला हार तुम्ही घातलाय?" मी सासूबाईंना विचारलं.

"व्हय. खंडेनवमीला मिक्सर पुजला, गाडी पुजली. मग ह्येनं काय घोडं मारलंय? लेकराचं दूध सांभाळतंय त्ये."

हार घसरू नये म्हणून त्यांनी त्याचं टोक दारात चेपलं होतं. त्या फटीतून रात्रभर गरम हवा आत जात होती. मी हार सोडवला, दाराचं रबर कोमट पाण्यानं पुसलं, दारात कागद धरून ओढला. तो निघेना, म्हणजे दार आता घट्ट बसत होतं.

"मऊ पडलंय त्ये आत्ताच पाज," आत्या हळूच म्हणाल्या. "बाकीचं?"

"बाकीचं घट्ट आहे."

बाळ पीत होतं आणि आम्ही दोघी मोटरचा आवाज ऐकत बसलो. बऱ्याच वेळानं ती थांबली. तेव्हा आत्या उठल्या आणि तोच हार त्यांनी माझ्या दवाखान्याच्या पिशवीला बांधला.

"हिची पूजा ऱ्हायलीच हुती," म्हणाल्या.