अकराशे बेचाळीस दाखले

सदफने तिसऱ्यांदा भेंडीच्या पावडरीचं पाणी काहिलीत ओतलं आणि ती वाकून बघत राहिली. उसाच्या उकळत्या रसावर थोडी मळी आली, बाजूला झाल्यासारखी वाटली आणि पुन्हा रसात मिसळून गेली. रस होता तसाच काळपट.

"सर, नाही होत."

डॉ. माधव सरदेसाई चुलवाणापासून चांगले लांब उभे होते. धग तिथवर पोचत नव्हती, तरी त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं.

"हात कच्चा आहे तुझा अजून," ते म्हणाले. हे वाक्य ते दोन वर्षं म्हणत आले होते, त्यामुळे तोंडातून आपोआप निघालं.

गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या याच गुऱ्हाळात सोळा वर्षांपूर्वी त्यांनी प्रयोग केला होता. उसाच्या रसातली घाण वर यावी म्हणून गूळ करणारे गुळवे पूर्वापार भेंडीच्या झाडांचा चिकट रस वापरतात. माधवरावांनी त्याची पावडर केली आणि लिहिलं की एवढ्यावरच गूळ पिवळाधमक होतो, रंगासाठी गंधकाची पावडर घालावी लागत नाही. त्या एका लेखाने त्यांचं नाव झालं. जगभरच्या संशोधकांनी आपापल्या लेखांत त्याचा दाखला दिला, तोही थोडाथोडका नाही, अकराशे बेचाळीस वेळा. त्यातला एकही जण कधी काहिलीजवळ येऊन उभा राहिला नव्हता.

सर्वाधिक दाखले मिळवणाऱ्या शास्त्रज्ञांच्या यादीत यंदा त्यांचं नाव आलं, आणि ते राहत त्या शिवाजी पेठेला फेटा बांधायला एवढं निमित्त पुरे होतं. रविवारी तालमीसमोर सत्कार होता. चौकात फलकही लागला होता. त्यावरचा स्वतःचा हसरा चेहरा दिसू नये म्हणून माधवराव चार दिवस मागच्या बोळातून घरी जात होते.

सदफचा प्रबंध त्याच लेखावर उभा होता. मार्चमध्ये तिची शिष्यवृत्ती संपणार होती आणि पदरात एकही धड निकाल नव्हता. प्रयोगशाळेत जमत नाही, तर खऱ्या काहिलीवर करून बघते, असा हट्ट तिने धरला, तेव्हा नाही म्हणायला माधवरावांकडे कारणच उरलं नव्हतं.

गुळव्या तेव्हाचाच होता, बाळासो. सत्तरी उलटली होती, पण आवाज तसाच खणखणीत.

"पोरी, किती वतशील?" तो म्हणाला. "नुसत्या त्येनं न्हाई व्हायचं. त्या दिवशी बी न्हवतं झालं की!"

"कुठल्या दिवशी, आबा?"

"सरांनी केलतं त्या दिवशी. दिल्लीचं पावणं यायचं हुतं बघाय. सर त्यास्नी आणाय गेलतं, आन हिकडं रस ह्यो असा काळा. म्हटलं, पावण्यांम्होरं आपल्या मास्तरची लाज जायाची. मग टाकली मूठभर गंधकाची पावडर. गूळ झाला की सोन्यावानी!" तो माधवरावांकडे बघून हसला. "तुमास्नी सांगितलं न्हवतं, सर. वाईट वाटलं असतं तुमास्नी."

माधवराव हसायला गेले, पण नुसते ओठ हलले. म्हाताऱ्याने जीव लावून केलं होतं, त्याच्यावर रागवायचीही सोय नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

सदफ ओढणीने डोळे पुसत होती आणि हसतही होती.

"म्हणजे माझा हात कच्चा नव्हता, सर! दोन वर्षं मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. घरी सांगून पण टाकलेलं, मला नाही जमणार म्हणून."

मग तिच्या कपाळावर आठी आली.

"पण त्या गुळात गंधक आहे का, ते तुम्ही तपासलेलं ना? लेखात 'आढळलं नाही' असं आहे." मग तिनेच उत्तर दिलं. "यंत्र जुनं असेल तेव्हाचं. त्यात कळलं नसेल."

तिच्या आवाजात संशयाचा लवलेशही नव्हता. वाट तिनेच करून दिली होती. नुसतं 'हो' म्हटलं की चूक यंत्राची आणि भाबडेपणा बाळासोचा ठरणार होता. माधवरावांचं लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं. सकाळपासून उडालेल्या रसाने तिथे दोन फोड आले होते आणि तिने त्याचा शब्दही काढला नव्हता.

"यंत्र चांगलं होतं," ते म्हणाले. आवाज चुलवाणाच्या घरघरीत बुडाला, म्हणून त्यांना पुन्हा बोलावं लागलं. "यंत्र चांगलं होतं, सदफ. मी दोनदा तपासलं. दोन्ही वेळा गंधक आलं होतं."

बाळासोला त्यातलं काही कळलं नाही. तो मळी काढायला वळला.

 सदफने पिशवीतून वही काढली, कोरं पान उघडलं, वर तारीख घातली.

"किती आलं होतं, सर?"

"किलोमागे शहाण्णव मिलिग्रॅम," माधवराव म्हणाले. सोळा वर्षांत तो आकडा त्यांना कधी शोधून बघावा लागला नव्हता.