चहातले थेंब

मालिनीबाईंनी मुलाची हनुवटी धरून मान सरळ करायला बघितली, पण मान काही वळेना. प्रसन्न किचनच्या टेबलाशी बसला होता. डोकं उजव्या खांद्याकडे ओढलेलं, तोंडातून लाळ गळतेय, चहाचा कप रिकामा.

"आई... जीभ," एवढंच तो बोलला, तेही जड.

सुवर्णानं नवऱ्याची ती दशा पाहिली आणि ९११ला फोन लावला. स्ट्रोक असेल, असं ती सांगत होती. मालिनीबाईंना काही सुचेना. नागपूरहून अमेरिकेत, एडिसनला येऊन त्यांना जेमतेम महिना झालेला, आणि हे काय होऊन बसलं?

अँब्युलन्सवाल्यानं छातीला वायरी लावल्या, नाडी पाहिली आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं.

"यानं काय काय घेतलंय, विचारतायत," सुवर्णा म्हणाली. "मी सांगितलं, रोज रात्री डोक्याच्या आजाराची गोळी घेतो. माझ्यासमोर. एक्स्ट्रा काही नाही."

मालिनीबाई सुनेकडे बघतच राहिल्या.

"गोळी? आपणहून?"

"केव्हापासून, आई. लग्नाआधीच त्यानं मला सगळं सांगितलं होतं."

अरे देवा. मग आपण काय करत बसलो होतो? नागपूरला हाच प्रसन्न गोळ्या भिंतीवर भिरकावायचा. तेव्हा डॉक्टरांनीच थेंबांची बाटली दिली होती. वास नाही, चव नाही; चहात घाला, कळणारही नाही. इकडे येताना बाईंनी ती बाटली साड्यांच्या घडीत आणली. आल्यावर थोडेच थेंब घातले. पण पोरगा घरभर येरझारा घालायला लागला, एका जागी टेकेना. आजार उलटला, असं त्यांनी आपल्या मनाशी ठरवलं आणि थेंब वाढवत नेले.

आता सांगितलं तर हा जन्मात आपल्या हातचं पाणी पिणार नाही. नाही सांगितलं तर हा राहतो की जातो, कोण जाणे. प्रसन्नचे डोळे त्यांच्यावरच खिळले होते.

त्यांनी देवघरामागची बाटली आणून टेबलावर ठेवली.

"चहात घालत होते," त्या म्हणाल्या. "आज जरा जास्तच घातलं."

अँब्युलन्सवाल्यानं लेबल वाचून हॉस्पिटलला कळवलं. गोळीतलं आणि बाटलीतलं औषध एकच होतं.

हॉस्पिटलमध्ये इंजेक्शननं मान सैल पडली. हृदयाचे ठोके बघायला त्याला ठेवून घेतलं. येरझारासुद्धा त्या थेंबांमुळेच असणार, असं डॉक्टर म्हणाले. सुवर्णानं ते सासूला सावकाश समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याला घरी आणलं. चहा टाकावा की नाही, मालिनीबाईंना कळेना. शेवटी सवयीनं टाकला आणि कप त्याच्यापुढे ठेवला.

प्रसन्न बराच वेळ कपाकडे बघत बसला. मग उठून बशी घेऊन आला, तिच्यात अर्धा चहा ओतला आणि आईपुढे सरकवली.

"आधी तू घे."

फुंकरही न घालता त्यांनी बशी तोंडाला लावली. जीभ पोळली. बशी रिकामी होऊन टेबलावर येईपर्यंत तो त्यांच्याकडे बघत होता.

मग त्यानं कप उचलला.