खुंटीवरचा निळा शर्ट

मित्रांनो, माझी कॉलर उलटून पाहिलीत तर आतल्या बाजूला बोटभर रुंदीचा एक पट्टा दिसेल. तो निळा आहे. त्याच्या कडेला रंग एकदम बदलत नाही. आधी तो राखाडी होतो, मग तांबूस, आणि घडीच्या बाहेर आला की त्याला काय नाव द्यावं ते कळत नाही. उन्हाने रंगाचे कण मोडतात आणि बारीक माती धाग्यांमधल्या फटींत जाऊन बसते. घडीच्या आत ऊनही पोचलं नाही आणि मातीही नाही. मी मुळात कोणत्या रंगाचा होतो याचा तेवढाच पुरावा माझ्यापाशी उरला आहे.

मी एक जुना शर्ट आहे. डिचोली तालुक्यातल्या मुळगावात, एका घराच्या पुढच्या खोलीत, दारासमोरच्या खुंटीवर मी टांगलेला असतो. ज्याच्यासाठी मला शिवलं त्याचं नाव सगुण. तो खाणीवर टिपर ट्रक चालवायचा. मूळचा दोडामार्गाकडचा. कामासाठी तो आणि त्याचा धाकटा भाऊ जयराम इकडे आले आणि इथलेच झाले. सगुणची बायको रत्ना पेडण्याची. तिने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माझं कापड घेतलं आणि माहेरी जाताना पेडण्याच्या मधुकर टेलरकडे शिवायला टाकलं.

मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सगुण हसला होता. "निळो कित्याक? दुपारपर्यंत तांबडो होतलो."

"होवंदे," रत्ना म्हणाली. "सकाळी तरी निळे दिसतलात."

आणि तसंच व्हायचं. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की मी निळा बाहेर पडायचो आणि संध्याकाळी तांबडा परत यायचो. रत्ना मला भिजवायची तेव्हा बाल्दीतलं पाणी विटेच्या रंगाचं व्हायचं. खाणीची ती माती आणि लोखंडावरचा गंज एकाच कुळातले. साबणाने ते पुरते निघत नाहीत. दर धुण्याला थोडी माती माझ्यात राहून जायची. सगुणचा उजवा हात दिवसभर गाडीच्या खिडकीत टेकलेला असायचा, म्हणून माझ्या उजव्या बाहीचा रंग डावीपेक्षा लवकर उडाला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वापरलं जाणं ही कपड्याच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट असते.

मग खाणी बंद झाल्या. ट्रक ओळीने उभे राहिले, त्यांच्या चाकांमधून गवत वर आलं. काही महिने सगुण घरी बसला. नंतर कर्नाटकात एका मालकाकडे गाडी चालवायचं काम मिळालं. जायच्या दिवशी त्याने मला अंगातून काढलं, खुंटीवर टांगलं आणि पांढरा शर्ट घातला. "हो आसांदे हयच," तो रत्नाला म्हणाला. "इलंय काय घालतलंय."

सुरुवातीला त्याचे फोन येत. मग येईनासे झाले. जयराम तिकडे जाऊन चौकशी करून आला. मालक म्हणाला, चतुर्थीला घरी जातो असं सांगून सगुण निघाला होता. तो गाडीत बसला हे एकाने पाहिलं होतं. तो उतरला कुठे हे कोणी पाहिलं नव्हतं. पोलिसांत तक्रार झाली, फोटो दिला गेला. बाकी काही झालं नाही.

रत्नाने मला धुतलं नाही. धुतलं असतं तर त्याचा वास गेला असता. घरात कोणी नसलं की ती माझ्यात तोंड खुपसून उभी राहायची. मित्रांनो, वास म्हणजे काही जादू नसते. ते अगदी लहान कण असतात, आणि ते रोज थोडेथोडे उडून जातात. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत माझ्यात सगुणचं काहीच उरलं नव्हतं. उरला होता तो लाकडी खुंटीचा, दमट भिंतीचा आणि तिच्या स्वतःच्या केसांच्या तेलाचा वास. मला हे ठाऊक होतं. तिला सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

तिने मला हँगरवर घातलं, खांदे पडू नयेत म्हणून. त्यामुळे तिन्हीसांजेला, दिवा लावायच्या आधी, रस्त्यावरून पाहणाऱ्याला खोलीत कोणी पाठमोरं उभं आहे असं वाटे. एकदा शेजारची पार्वती दारातून आत पाहून थबकली. "सगुण? इलस रे?" तिने विचारलं. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने माझी उजवी बाही हलली. पार्वती मागे न पाहता निघून गेली आणि त्यानंतर त्या वेळेला आमच्या दारावरून जाईनाशी झाली. खरं सांगायचं तर मलाही कधी कधी वाटायचं की कोणीतरी मला आतून घातलं आहे आणि दाराकडे पाठ करून, काही न बोलता उभं आहे.

आमच्या या घरातली रीत अशी, की माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला आणि त्याची काहीच खबर आली नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. पुतळ्यावर त्या माणसाचा कपडा घालायचा. सगुणचा घरात राहिलेला, अंगावर घालण्यासारखा कपडा मीच. बारा वर्षं उलटली तेव्हा जयरामने विषय काढला.

"वयनी, दादाचा कार्य करूक होया. भटजी इचारी होते."

"बगूया," रत्ना म्हणाली.

पुढच्या वेळीही "बगूया"च. तिला वाटे, 'तो येणार नाही' हे वाक्य ज्याच्या तोंडून निघेल त्याच्याच हातून सगुण मरेल. ती रोज ठसठशीत कुंकू लावायची, हिरव्या बांगड्या भरायची. गावातली माणसं ते कुंकू वाचायची. कुंकू आहे, म्हणजे सगुण आहे. या मधल्या काळात तिच्या मुलीचं, अश्विनीचं, वाळपईच्या अभिजीतशी लग्न ठरलं आणि तिथेच अडकलं. पत्रिकेत बापाच्या नावाआधी 'श्री.' छापायचं की 'कै.', एवढं साधं विचारणं मुलाकडून आलं होतं. रत्नाने त्यांनाही "बगूया" असंच कळवलं. अश्विनी आईला काही म्हणायची नाही. फक्त माझ्यासमोरून जाताना माझ्याकडे असं पाहायची, की मीच तिची वाट अडवून उभा आहे.

त्याच सुमारास गावात चित्रपटवाले आले. खाणगावातल्या एका ड्रायव्हरची गोष्ट होती. वेशभूषा पाहणारी सुप्रिया कोल्हापूरची. ती घरोघर फिरून जुने कपडे मागायची आणि एकाच्या बदल्यात दोन नवे द्यायची. आमच्या दारात आली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

"वहिनी, हा शर्ट द्याल का?"

"तो बदलूचो नाय."

"कुणाचा?"

"घोवाचो."

"कुठं असतात ते?"

रत्नाने माझ्याकडे पाहिलं. "कामाक गेल्यात."

सुप्रियाने पुढे होऊन माझ्या दोन्ही बाह्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या. "उजवी जास्त उडालीय," ती हळूच म्हणाली. "खिडकीत हात ठेवायची सवय असणार."

इतक्या वर्षांत सगुणविषयी कोणी असं, तो काल इथे होता असं, बोललं नव्हतं. रत्ना खाली बसली. मग म्हणाली, "परत दितलस?"

"देते. माझ्या हातानं आणून देते."

"मगे व्हर," म्हणत रत्नाने मला खुंटीवरून काढून तिच्या हातात दिलं.

"बरा आसा," अश्विनी आतून म्हणाली. "माका कधी हात लावूक दिलस नाय, आणि ह्येंका सरळ काढून दिलस."

त्यांना आमची पुढची खोलीही चित्रीकरणासाठी हवी होती. पिस्ता रंगाची भिंत त्यांनी मातकट केली. पाण्याचं निळं पिंप, हिरवी बाल्दी, दिनदर्शिका, सगळं परसात गेलं.

"आमचा घर आमकाच वळखूचा नाय," रत्ना म्हणाली.

"नंतर पहिल्यासारखं करून देतो, वहिनी," सुप्रिया म्हणाली. "पण या खोलीत हा शर्ट सोडून दुसरं निळं काही नको. पडद्यावर प्रत्येक गोष्ट बोलून सांगता येत नाही. लोकांनी एक रंग शोधत राहायला शिकलं, की तो रंग गेला तेव्हा त्यांना आपोआप कळतं."

"काय कळता?"

सुप्रियाने खुंटीकडे पाहिलं. "काहीतरी गेलं, एवढं."

माझ्या मापाचे आणखी तीन शर्ट शिवले गेले. पावसाचं, चिखलाचं दृश्य असलं की एकच शर्ट पुरत नाही. त्यांना चहाच्या पाण्यात बुडवलं, सँडपेपरने घासलं, लाल माती चोळली. लांबून ते माझ्यासारखेच दिसत. पण त्यांच्या कोपरावरच्या चुण्या कोणाच्याच हाताच्या नव्हत्या. त्यांच्या शेजारी दोरीवर टांगलेला असताना मला विचित्र वाटे. तीन रिकामी माणसं, आणि चौथा मी.

मग नटाने मला घातलं. इतक्या वर्षांनी माझ्यात ऊब आली, आणि ती सगुणची नव्हती. तो दाराकडे पाठ करून खुर्चीवर बसला होता. दिवे लागले, सगळे गप्प झाले. तेवढ्यात रत्ना परसातून आत आली. काम सुरू झालंय हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने मातकट भिंत पाहिली, अंधुक उजेड पाहिला, मी पाहिला आणि माझ्यात भरलेले खांदे पाहिले.

"इलात?" ती म्हणाली.

मोठ्याने नव्हे. सगुण कामावरून यायचा तेव्हा रोज संध्याकाळी जशी म्हणायची तशी.

नट वळला. परक्या चेहऱ्याचा, अंगाने तेवढाच रुंद, भला माणूस होता. तो उठून उभा राहिला. रत्ना त्याच्याकडे पाहत राहिली. मग पदर सावरून म्हणाली, "बसा, बसा. तुमचा काम करा," आणि आत गेली. दिग्दर्शकाने त्या दिवशी पुढचं काम थांबवलं.

उरलेली दृश्यं डोंगरापलीकडच्या डंपावर, खाणीतून टाकलेल्या मातीच्या ढिगावर, घ्यायची होती, म्हणून सुप्रिया मला घेऊन गेली. माझ्यामागे रत्नाने खुंटीला अश्विनीची ओढणी टांगली, हे मला पुढे कळलं. खुंटी तिने एक दिवसही रिकामी ठेवली नाही.

काही महिन्यांनी एका रविवारी दुपारी देवळाजवळच्या सभागृहात गावासाठी चित्रपट दाखवला. सुप्रिया शब्दाला जागली. दारातच तिने कागदी पिशवीतून मला काढून रत्नाच्या हातात दिलं. रत्नाने मला मांडीवर ठेवलं. एका बाजूला अश्विनी, दुसऱ्या बाजूला सुप्रिया, मागे जयराम.

मी स्वतःला पडद्यावर पाहिलं. सगळ्या तांबड्या मुलखात मी एकटाच निळा होतो. लांबच्या ट्रकमध्ये, चहाच्या गाड्यावर, गर्दीत, कुठेही नजर आधी माझ्याकडे जायची. मग एका दृश्यात ड्रायव्हर मला घालून दाराबाहेर गेला. पुढे कोणी रडलं नाही, कोणी "तो गेला" असं म्हटलं नाही. फक्त आमची भिंत दिसली, आणि तिच्यावर रिकामी खुंटी. कॅमेरा हलला नाही. भिंतीवरचं ऊन सरकत गेलं आणि सभागृहातली पोरंसुद्धा चूप झाली.

रत्नाची बोटं माझ्यावर घट्ट झाली. स्वतःच्या घरातली ती खुंटी सगुण गेल्यापासून तिने रिकामी अशी कधी निरखून पाहिलीच नव्हती. इतकी वर्षं मी तिच्यावर होतो ना, आणि मी नव्हतो तेव्हा ओढणी.

मित्रांनो, जुने कपडे जपा, त्यांना टाकून देऊ नका, असं माझ्यासारख्याने सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. जपा, जरूर जपा. पण कपड्याला माणसाच्या जागी उभं करू नका. आम्हाला ते काम येत नाही. आम्ही फक्त आकार धरून ठेवतो, आणि तो आकार पाहून जिवंत माणसं दारात थबकतात. मी त्या खुंटीवर होतो म्हणून एक माणूस ना आत येऊ शकला, ना जाऊ शकला. आणि त्याच्याबरोबर दोन बायकाही तिथेच अडकल्या.

चित्रपट पुढे चालू होता. त्यातली ड्रायव्हरची बायको झाडलोट करत होती, पाणी भरत होती, दिवे लावत होती. चित्रपट संपून सभागृहातले दिवे लागले तेव्हा रत्ना सुप्रियाकडे वळली.

"बाय, तिचा कुकू फिकट केलस मां?"

"तुमच्या लक्षात आलं?" सुप्रिया चपापली. "हो. दर प्रसंगाला थोडं थोडं. कुणाला कळू नये इतकं."

"तिका इचारलस?"

"कुणाला?"

"त्या बाईक. पुसू की नको म्हणून."

सुप्रिया म्हणाली, "नाही. आम्हीच ठरवलं."

"तसाच असता," रत्ना म्हणाली. आवाजात राग नव्हता. "गावपण तसाच बगत बसलोहा. कधी फिकट होता ता."

लोक उठून बाहेर निघाले होते. खुर्च्या सरकत होत्या. जयराम पुढे आला. "वयनी, चला. उशीर होता."

रत्ना उठली नाही. तिने माझ्या दोन्ही बाह्या आत दुमडल्या, घडी घातली आणि घडीवरून एकदा हात फिरवला.

"भावजी," ती म्हणाली, "भटजींका सांगा. ते येवचे नाय. येत्या अवसेक तेंचा कार्य करूया, आणि हो शर्ट तेंका घालूया. माझ्या कपाळाचा काय ता मी बगतलंय."