मुखपृष्ठावरची आत्या

काहीतरी भयंकर झालंय एवढं ठमीला कळत होतं. नेमकं काय, ते कळेना. कारण सांगायला येणारा प्रत्येक जण आधी ओरडत होता आणि मग सांगत होता.

ती संगीताच्या एका मासिकात मांडणी करायची. फोटो कुठे, मथळा कुठे, कोरी जागा किती सोडायची, अक्षर केवढं घ्यायचं, हे सगळं तिच्याकडे. लेख कितीही जीव ओतून लिहा हो, स्टॉलवर उभं राहून लेख कोण वाचतो? तिथे मासिकं एकमेकांच्या अंगावर रेलून बसलेली असतात. प्रत्येकाची डावी पट्टी तेवढी दिसते, बाकीचं अंग शेजारच्याच्या खाली. येणारा-जाणारा चालता चालता एक नजर टाकतो. तेवढ्यात त्याचा पाय अडकवायचा. या कामात ठमीचा हात धरणारं कुणी नव्हतं. गाण्यातलं मात्र तिला ओ की ठो कळत नव्हतं, आणि तेही जन्मभर घरात व्हायोलिन ऐकून!

व्हायोलिन आत्याचं. ठमीची आई लवकर गेली, तेव्हा आत्याने तिला जे कडेवर घेतलं ते आजतागायत खाली ठेवलं नाही. आत्या मोठ्या वाद्यवृंदात वाजवायची. केस काळे होते तेव्हा शेवटच्या रांगेत होती आणि पांढरे झाले तरी तिथेच. बाई महा फटकळ. स्वयंपाकघरात मांजर शिरलं की डाव्या हाताने चप्पल भिरकावायची, आणि नेम चुकला असं कधी झालं नाही. आता ती निवृत्त होणार होती. ठमीने संपादकांच्या डोक्याशी कटकट करून तिची मुलाखत घ्यायला लावली. तेवढ्यावर न थांबता तिला थेट मुखपृष्ठावर बसवायचा घाट घातला.

"शेवटच्या रांगेतल्या बाईला कुत्रं ओळखत नाही," संपादक म्हणाले होते.

"म्हणून तर थांबून बघतील, सर."

"बघ हं. अंक पडून राहिला किंवा काही घोळ झाला, तर मी तुझ्या पाठीशी उभा राहणार नाही. मालक आधीच तुझ्यावर खार खाऊन आहेत."

फोटो सुरेख आला होता. पांढरे केस, मिटत आलेले डोळे, हनुवटीखाली व्हायोलिन, तारांवर टेकलेला गज. पण आत्या बघत होती उजवीकडे, पानाच्या बाहेर. आणि मथळा होता डावीकडे, त्या दिसणाऱ्या पट्टीवर. आता चित्रातलं माणूस जिकडे बघतं तिकडेच आपणही बघतो, हा मांडणीतला पहिला धडा. आत्या बाहेर बघणार म्हणजे गिऱ्हाईकही बाहेर बघणार आणि शेजारचं मासिक उचलणार. ठमीने एक कळ दाबली आणि फोटो डावा-उजवा उलटा केला. झालं! आत्याची नजर बरोबर 'शेवटची रांग' या मथळ्यावर येऊन टेकली. ठमीने स्वतःचीच पाठ थोपटली आणि फाइल छापखान्यात धाडून दिली.

अंक बाजारात गेला आणि फोन सुरू झाले.

"गज!" संपादक टेबलावर अंक आपटत ओरडले. "अगं, गज डाव्या हातात!"

"मग?" ठमी म्हणाली. खरंच कळलं नव्हतं हो तिला.

संपादकांनी कपाळाला हात लावला. "व्हायोलिन डाव्या खांद्यावर असतं आणि गज उजव्या हातात. कुठल्याही वाद्यवृंदात जा, सगळ्यांचे गज उजव्याच हातात दिसतील. आपण संगीताचं मासिक काढतो, भाजीचा ठेला नाही! एक गृहस्थ विचारत होते, पुढच्या महिन्यात बासरी कानात घालणार का म्हणून!"

ठमीने अंक जवळ ओढला. आता कुठे तिने आत्याकडे आत्या म्हणून बघितलं. गालावरचा तीळही पलीकडे गेला होता. ज्या गालाला गाल लावून ती लहानपणी झोपायची, त्या गालावरचा तीळ हलला आणि तिला पत्ता नाही! नोकरी गेली तर दुसरी बघता येईल. पण आत्या? जन्मात एकदा कुणीतरी तिला पुढे आणलं, आणि आणलं ते असं, चार जाणकारांत हसं व्हायला.

एवढ्यात जाहिरातवाला दारातून डोकावला. "सर, स्टॉलवाले अजून अंक मागतायत. लोक म्हणे थबकतात. काहीतरी चुकतंय, पण काय ते कळत नाही, म्हणून हातात घेतात. आणि एकदा घेतला की ठेवत नाहीत."

संपादकांनी ठमीकडे बघितलं, अंकाकडे बघितलं, पुन्हा ठमीकडे बघितलं. "तू हे मुद्दाम केलंस का गं?"

"नाही, सर."

"मग ओरडू की शाबासकी देऊ, माझंच मला कळेना. हे बघ, आधी बाईंची माफी माग. त्यांनी तक्रार केली तर मालक तुला ठेवणार नाहीत. पुढच्या अंकात आपण दुरुस्ती छापू, सरळ फोटोसकट."

ठमीने आत्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आत्या रागावली की शिव्या घालायची, आणि त्या शिव्यांची ठमीला सवय होती. हे गप्प बसणं नवीन होतं. आत्याने असं कधीच केलं नव्हतं.

घराच्या कोपऱ्यावर स्टॉल होता. संगीताच्या मासिकाची जागा तेवढी रिकामी.

"तुमच्या आत्या सगळेच्या सगळे अंक घेऊन गेल्या," स्टॉलवाला म्हणाला. "अजून मागवून ठेवा म्हणाल्या."

"रागात होत्या?"

"काय सांगू, ताई! अंक धरून नुसत्या उभ्या होत्या. हसत होत्या की रडत होत्या, मला काही समजलं नाही. मी सुटे पैसे दिले तेही घेतले नाहीत."

म्हणजे जाळायला नेले, ठमीला वाटलं. कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून. ती जिना कशीबशी चढली. कुठल्या तोंडाने आत जायचं याचा विचार करेपर्यंत दार आलंसुद्धा, आणि ते उघडंच होतं.

पलंगावर अंक, खुर्च्यांवर अंक, खिडकीत अंक. जिकडेतिकडे आत्याच आत्या, सगळ्या डावखुऱ्या. आणि मध्ये खरी आत्या जमिनीवर मांडी घालून बसलेली, मांडीवर व्हायोलिन.

"आत्या, चुकलं माझं," ठमीला एकदम रडूच फुटलं. "मला कळलंच नाही गं. मी गाढव आहे. तू मला मार, शिव्या दे, पण फोन उचलत जा."

"गाढव तर तू आहेसच," आत्या म्हणाली. "आधी नाक पूस. आणि मला सांग, फोटो उलटा का केलास?"

"तू पानाच्या बाहेर बघत होतीस. दिसायला बरं दिसत नव्हतं."

आत्या हसायला लागली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले, तेव्हा ठमी आणखीच गोंधळली.

"आमचे मास्तर अगदी हेच म्हणाले होते," आत्या म्हणाली. "एवढीशी होते मी. डाव्या हाताने वाजवायचे, आणि चांगलं वाजवायचे हं, उगीच सांगत नाही. पण मुलांच्या वाद्यवृंदात सगळे गज एका बाजूला हलायचे आणि माझा एकटीचा दुसऱ्या बाजूला. रांगेची शोभा जाते, दिसायला बरं दिसत नाही, म्हणाले. काढला गज या हातातून आणि दिला त्या हातात. पहिल्यापासून शिकले पुन्हा. रडले, शिकले, आणि कशीबशी शेवटच्या रांगेपर्यंत पोचले."

ठमी तिच्यासमोर जमिनीवर बसली. ती चप्पल, तो नेम, बरण्यांची घट्ट झाकणं डाव्या हाताने फिरवणारी आत्या. सगळं रोज डोळ्यांसमोर होतं, आणि डोळ्यांवर जगणाऱ्या ठमीला त्यातलं काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? आरशासमोर सराव करायचे ना, तेव्हा ती आतली डाव्या हाताने वाजवायची. मला वाटायचं, हिला वाजवू देतात, मग मलाच का नाही? नंतर मोठी झाले, आणि वाटायचं बंद झालं." आत्याने पलंगावरचा एक अंक उचलला आणि लांब धरून बघितला. "आज कोपऱ्यावर बघते तर ती पोरगी म्हातारी होऊन मासिकावर बसलेली! मला सुचेचना गं. हिला एकटीला सोडून कशी येणार? घेऊन आले सगळ्यांना."

"संपादक दुरुस्ती छापणार आहेत. तुझा सरळ फोटो लावून."

"खबरदार! त्यांना म्हणावं, बाई तक्रार करतील, पण दुरुस्ती छापलीत तर."

आत्या उठली. व्हायोलिन तिने उजव्या खांद्यावर टेकवलं, हनुवटीने चाचपडत जागा शोधली आणि गज डाव्या हातात घेतला. मग तारेवरून ओढला. अरे देवा, काय तो आवाज! गंजलेलं दार करकरावं तसा. वरच्या मजल्यावरच्यांनी काठीने जमीन ठोकली.

"कसं वाटलं?" आत्याने विचारलं.

"भयंकर."

"भयंकरच आहे. बोटं चुकतायत, तारा उलट्या लागतायत. पण हात बघ गं माझा, कसा जातोय! मेल्याला अजून आठवतंय." तिने पुन्हा गज ओढला, पुन्हा ठोकाठोक झाली, आणि ती वर बघून म्हणाली, "ठोका लेको, आता मी ऐकणार नाही." मग ठमीकडे वळली. "बघत काय बसलीस? काढ फोटो. तुझ्या संपादकांना दे, पुढच्या अंकात लावा म्हणावं. आणि ठमे, हा उलटा केलास तर चप्पल येईल."

ठमीने ओल्या डोळ्यांनी फोन वर धरला. आत्या डावीकडे बघत होती, बरोबर जिथे मथळा येतो तिथे. उलटा करायची गरजच नव्हती.