बोडीच्या पाळीवरची हरळी

मी एक जुनी हरळी आहे. किती जुनी, ते मलाच सांगता येत नाही. मित्रांनो, मी जन्मले नाही. कुठून तरी तुटले आणि वाढले. म्हणून गोष्टही तशीच सांगते, पेरापेरानं. मध्येच तुटली तर घाबरू नका.

एक पेर.

सावली गावाजवळच्या एका वस्तीत पावसाचं पाणी साठवणारी बोडी होती, आणि ते पाणी अडवणारी मातीची पाळ. १९८२ च्या पावसात पाळ फुटली. खालच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, वाळू बसली. त्यातल्या तीन बांध्या बायनाबाईच्या. तिला नवरा नव्हता. मुलगी कमला सावलीच्या शाळेत सातवीत होती. पाळ पुन्हा फुटली तर पोरीची शाळा सोडवायची आणि दोघींनी घुग्घुसला मजुरीला जायचं, एवढंच उरलं होतं.

वस्तीनं पाळ नव्यानं बांधली. बायनाबाईनं तिच्यावर मला लावलं.

धानात मी दिसले की लोक मुळासकट उपटतात. त्यामुळे तिचा दीर देवराव हसला. "उपटून उपटून आमचा जीव गेला, अन् वैनी लावून राह्यली."

तिनं माझे बोटभर तुकडे केले, शेणकाल्यात बुडवले आणि वीतवीत अंतरावर ओल्या मातीत टाचेनं दाबले.

पुढचं पेर, उन्हातलं.

पंधरा दिवस ती घागरीनं पाणी घालत होती. शेळ्या येऊ नयेत म्हणून बोरीचे काटे लावले होते. मी मूळ धरल्यावर मात्र तिनंच काटे काढले आणि शेळ्या सोडल्या. शेंडे खाल्ले गेले की मी आडवी पळते, हे तिला माहीत होतं. मला नव्हतं. धानाकडे निघालेला माझा प्रत्येक धागा ती विळ्यानं छाटायची.

"वरतच राह्य," ती म्हणायची. "खाली उतरू नको."

एका सकाळी मी इकडे पाहिलं, तर मी. तिकडे पाहिलं, तरीही मीच. पाळीच्या दोन्ही टोकांपर्यंत. त्या बोटभर तुकड्यात हे एवढं कुठं मावलं होतं?

१९८४ चा वैशाख. बुद्धपौर्णिमेला भन्तेजी येणार होते. घरं सारवली गेली, रंगवली गेली. बायनाबाई तेंदूपत्ता तोडायला रानात गेली होती. पाळही अंगणासारखी लख्ख दिसावी म्हणून देवरावनं स्वतःच्या बांध्यांच्या बाजूनं फावडं घातलं आणि मी

इथं तुटले. दुसऱ्या टोकावरून सांगते.

अर्धी पाळ सोलून, सारवून झाली होती. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होती. बायनाबाई आली. तिनं डोक्यावरचा भारा उतरवला आणि उरलेल्या माझ्यावर मांडी घालून बसली.

"वैनी, पाहुणे येऊन राह्यले. गवत चांगलं दिसते काय?"

"तुमी पाहुण्यायले पाळ दाखवा, भाऊजी. मले पोरीले भात खाऊ घालाचा हाय."

तो फावडं खांद्यावर टाकून गेला. अंधार पडेपर्यंत ती उठली नाही.

श्रावणात तीन दिवस पाऊस पडला. तिसऱ्या दुपारी बोडी काठोकाठ भरली आणि पाणी पाळीवरून वाहू लागलं. सारवलेली बाजू आधी भेगाळली, मग ढेकळाढेकळांनी बसली. देवरावच्या बांध्या गेल्या. माझ्याही अंगावरून तेच पाणी गेलं. मी आडवी झाले. आणि मग, मित्रांनो, मी जे अनुभवलं ते अजून मला नीट सांगता येत नाही. माझ्या हजारो पेरांनी, कुणी कुणाला न सांगता, एकाच वेळी माती मुठीत धरली. मुळं दोऱ्याएवढी. वर अख्खी बोडी.

पाणी ओसरलं तेव्हा मी चिखलानं माखून सगळी एकाच दिशेला निजले होते. खाली बायनाबाईचं धान उभं होतं.

रोवणीतून उरलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तिनं देवरावला दिले. दुसऱ्या वर्षी तो रिकामी टोपली घेऊन पाळीवर आला आणि उगाच बोडीकडे पाहत राहिला.

"टाचेनं दाबा, भाऊजी," माझे तुकडे टोपलीत टाकत ती म्हणाली. "धानातली समजून उपटू नका."

कमला तेव्हा दहावीत गेली होती. शाळेला जाताना ती माझ्यावरून अनवाणी चालायची, चपला हातात घेऊन.

मित्रांनो, कुठल्या पाळीवर, बांधावर पायाखाली गार, खरखरीत काही लागलं, तर फावडं घालण्याआधी खाली वाका. बोटं घालून तिथली माती ओढून पाहा.

ती हाती येणार नाही. मी धरलेली आहे.